संगणकाविना संगणकशास्त्र

संगणकशास्त्र शिकवायचे तर आधी संगणकांची खोली हवी, असे सर्रास मानले जाते. पण हे शास्त्र मुळात अल्गोरिदमचे (काम तडीस नेणाऱ्या क्रमवार सूचनांचे). शिलाई मशीन चालवता आली म्हणून ब्लाउज बेतता येतोच असे नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि सहकाऱ्यांच्या 'अनप्लग्ड' पद्धतीत जमिनीवर खडूने वर्तुळांचे जाळे आखतात. हाती आकडे घेतलेली सहा मुले त्यावरून चालतात. प्रत्येक वर्तुळात दोघे भेटतात, लहान आकडा डावीकडे जातो, मोठा उजवीकडे. पलीकडे पोचेपर्यंत रांग चढत्या क्रमाने लागलेली! अशाने कोडिंग कसे येणार, हा आक्षेप रास्तच. नुसत्या खेळाने ते येत नाही. यंत्रावर बसावे लागतेच. मात्र तेव्हा काय लिहायचे हे ठाऊक असते, आणि मोजक्या संगणकांवर मिळालेली पाळी चाचपडण्यात जात नाही.