परदेशांतील सल्लागार-पेढ्या आणि पदवीधर विद्यार्थी

सल्ला देण्याचा अधिकार वयाबरोबर येतो, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. त्यामुळें तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी परीक्षा संपतांच लंडनच्या एखाद्या पेढींत रुजू होऊन मोठमोठ्या कारखानदारांस सल्ला देणार, हें ऐकलें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांस नवल वाटतें. या पेढ्या नवशिक्यांस कां घेतात हें एकदां कळलें, कीं त्यांच्याकडे अर्ज कसा करावा याचाहि उलगडा होतो.

जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठांत हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं १९२६ सालीं आपल्या नांवाची पेढी काढली. कारखान्याचे जमाखर्च पाहून कारभार कसा सुधारावा हें सांगणें, हें तिचें काम. प्रथम अशा कामास अनुभवी व्यवस्थापकच नेमीत. १९५० नंतरच्या दशकांत मार्व्हिन बॉवर यांच्या नेतृत्वाखालीं या पेढीनें हार्वर्डच्या व्यापार-विद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले पदवीधर घेण्यास आरंभ केला. पुढें १९६३ सालीं निघालेली बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ सालीं निघालेली बेन या पेढ्यांनींहि तोच मार्ग धरिला. आतां ज्याच्यापाशीं अनुभवच नाहीं त्याची पारख अनुभवावरून कशी करावी? त्याची विचार करण्याची रीतच पाहावी लागते. या पेढ्यांची ‘केस’ नांवाची मुलाखत या गरजेस उत्तर म्हणून चालत आली आहे.

मुलाखतींत उमेदवारापुढें एखादा व्यावहारिक प्रश्न ठेवितात. उदाहरणार्थ, लंडनच्या एका स्टेशनाजवळील कॉफीच्या दुकानांत दिवसाकाठीं किती पेले खपत असतील? याचें पाठ केलेलें उत्तर कोणापाशींच नसतें. चांगला उमेदवार प्रश्नाचे भाग पाडतो. दुकान बारा तास उघडें असतें असें धरूं. त्यांपैकीं गर्दीचे तीन तास; त्या वेळीं तासास १२० पेले, म्हणजे ३६० झाले. उरलेल्या नऊ तासांत तासास ४० धरले तर आणखी ३६०. एकूण ७२०. एवढ्यावर न थांबतां तो हा आंकडा पडताळून पाहतो. दोन नोकर मिनिटास एकेक पेला भरीत असतील, तर तासास १२० हीच त्यांच्या कामाची कमाल मर्यादा. म्हणून गर्दीच्या वेळचा अंदाज याहून वर जाऊं शकत नाहीं. ७२० हा आंकडा खरा कीं खोटा याला फारसें महत्त्व नाहीं. गृहीत काय धरलें, कां धरलें आणि तें कोठें चुकूं शकेल, हें उमेदवार स्पष्ट सांगतो कीं नाहीं, इकडे परीक्षकाचें लक्ष असतें.

आपल्याकडील हुशार विद्यार्थी येथें अडखळतो तो गणितांत नव्हे, मांडणींत. आधीं पार्श्वभूमि, मग कारणें आणि शेवटीं निष्कर्ष, असें लिहिण्याची संवय आपल्या शाळा-कॉलेजांत लागते. या व्यवसायाची रीत उलट आहे. बार्बरा मिंटो या विदुषी १९६३ सालीं मॅकिन्झींत आल्या व १९६६ सालीं लंडनच्या कचेरींत गेल्या. तेथें सहकाऱ्यांचें लेखन सुधारतांना त्यांनीं जी पद्धति बसविली ती ‘पिरॅमिड’ या नांवानें प्रसिद्ध आहे. निष्कर्ष प्रथम सांगावा, त्याखालीं त्याचीं कारणें द्यावीं, आणि तीं कारणें एकमेकांत न मिसळणारीं व मिळून सर्व विषय व्यापणारीं असावीं, हें तिचें सार. ही संवय घरच्या घरीं, एखाद्या मित्रासमोर रोज अर्धा तास मोठ्यानें बोलून, लावून घेतां येते.

अर्जाबरोबरचें परिचयपत्रहि याच दृष्टीनें लिहावें. ब्रिटनमध्यें तें एक-दोन पानांचें असतें. त्यांत वडिलांचें नांव, जन्मतारीख, विवाहित-अविवाहित हा मजकूर किंवा छायाचित्र नसतें. ‘महोत्सवांत भाग घेतला’ असें लिहिण्यापेक्षां आपल्या हातून तेथें काय घडलें व त्यानें कोणता फरक पडला, हें एका ओळींत सांगावें.

येथवरचें सर्व गुणांच्या हातचें आहे. परंतु पुष्कळ चांगल्या उमेदवारांचा घात होतो तो पंचांगामुळें. ब्रिटनमधील एम. एस्सी.चे अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचे असून सप्टेंबरांत सुरू होतात. मोठ्या पेढ्यांचे पुढील वर्षाचे अर्ज मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस निघून शरदृतूंत बंद होऊं लागतात. म्हणजे विद्यार्थी लंडनमध्यें बिऱ्हाड शोधीत असतो, त्याच आठवड्यांत त्याच्या नोकरीचा निकाल ठरत असतो. शिवाय नाकारलेल्या उमेदवारास पुष्कळ पेढ्या वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पुन्हा अर्ज करूं देत नाहींत. म्हणून परिचयपत्र आणि केसचा सराव पुण्या-मुंबईहून निघण्यापूर्वींच झालेला असावा.

दुसरी गोष्ट व्हिसाची. ब्रिटननें १ जुलै २०२१ पासून तेथील पदवीधरांस दोन वर्षें राहून काम करण्याची मुभा दिली. त्यासाठीं मालकाच्या हमीची गरज नसते. १ जानेवारी २०२७ पासून होणाऱ्या अर्जांस ही मुदत अठरा महिन्यांची ठरविली आहे. त्यानंतर राहावयाचें तर परवानाधारक मालकाची हमी आणि ठराविक वेतन लागतें. २२ जुलै २०२५ पासून ही सर्वसाधारण किमान रक्कम वर्षास ४१,७०० पौंड झाली. नवोदितांस कांहीं सवलत असते. पेढीच्या अर्जांत ‘आपणांस आज किंवा पुढें हमी लागेल काय?’ असा प्रश्न असतो. त्याचें उत्तर खरेंच द्यावें. खोट्या उत्तरानें मिळालेली नोकरी कागदपत्रें तपासण्याच्या दिवशींच जाते. जी पेढी हमी देत नाहीं तिच्यामागें वेळ घालविण्यापेक्षां, ती देणाऱ्या थोड्या पेढ्यांकडे मन लावून केलेला अर्ज बरा.

हा हिशेब घरांतील सर्वांनीं मिळून, शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वींच करावयाचा आहे. नोकरी मिळेलच असें धरून हप्ते बांधूं नयेत. न मिळाल्यास हप्ते भारतांतील पगारांतून फिटतील काय, हेंहि पाहावें. याच पेढ्यांच्या कचेऱ्या मुंबईंत व दिल्लीजवळ आहेत. तेथें दोन-तीन वर्षें काम करून परदेशच्या कचेरींत बदलून जाणारेहि असतात. वाट लांबची खरी. परंतु त्या वाटेनें जाणाऱ्याच्या पदरीं वर म्हटलेला अनुभव असतो, आणि डोक्यावर कर्जाचा भार नसतो.