जेलीफिशने दिलेला हिरवा दिवा

१९६१च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला ओसामू शिमोमुरा जेलीफिश पकडत होते. या जेलीफिशच्या छत्रीच्या कडेला अंधारात उजेडाची कडी उमटते. ती कशाने, एवढंच त्यांना शोधायचं होतं. एकदा प्रयोग आटोपल्यावर त्यांनी उरलेला अर्क बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या प्रकाशाने उजळून निघालं. मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी तिथे येऊन पडत होतं. त्यातल्या कॅल्शियमची ही करामत.

अर्कातल्या त्या निळा उजेड देणाऱ्या प्रथिनासोबत आणखी एक प्रथिन अगदी थोडंसं हाती लागलं, हिरवं चमकणारं. प्रयोगशाळांत त्याला आता सगळे जीएफपी म्हणतात. २३८ अमिनो आम्लांची ही माळ स्वतःभोवती वळून पिंपासारखी होते. पिंपाच्या पोटात ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाचे मणी एकमेकांत गुंततात आणि तोच दिवा. तो घडायला हवेतल्या ऑक्सिजनखेरीज बाहेरचं काही लागत नाही. सगळी मौज इथेच आहे! कुठल्याही प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडा. पेशी दोन्ही एकत्र घडवते आणि ते प्रथिन जिथे जाईल तिथे दिवा सोबत जातो. पूर्वी असं काही पाहायचं तर बहुधा पेशी मारून, रंगवून पाहावी लागे. आता ती जिवंत असताना, विभागत असताना दिसते.

जीएफपीचं हे जनुक १९९२ साली वेगळं करून दाखवलं डग्लस प्रॅशर यांनी. पुढच्या कामाला निधी मिळेना, तेव्हा त्यांनी ते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं. १९९४ साली चाल्फींच्या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशी हिरव्या उजळल्या, काळोखात ताणलेल्या बारीक दोऱ्यांसारख्या. त्सिएन यांनी या दिव्याचा उजेड वाढवला, त्याला निळे-पिवळे रंग दिले.

२००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. नोबेल तिघांपलीकडे देता येत नाही, हे मान्य. तरी जीएफपीची गोष्ट सांगताना प्रॅशर यांचं नाव वगळणं अन्यायाचंच. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते अलाबामातल्या हंट्सव्हिलला मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. स्टॉकहोमच्या सोहळ्याला ते गेले. त्यांचा प्रवासखर्च चाल्फी आणि त्सिएन यांनी केला.