श्रोत्याने राखलेली बैठक

ग्वाल्हेरच्या गायकीची गोष्ट निघाली की ती बहुधा एका पडद्यापासून सुरू होते. बडे महंमद खाँ दरबारात गात असत आणि आपली तान दुसऱ्या कोणाच्या गळ्यात उतरू नये, याविषयी ते फार दक्ष असत, अशी आख्यायिका आहे. हद्दू आणि हस्सू या दोघा तरुण भावांना महाराजांनी पडद्याआड बसवून ते गाणे अनेक महिने ऐकविले आणि पुढे त्या भावांनी तीच गायकी भर दरबारात गाऊन दाखविली, असे सांगतात. या कथेत इतिहास किती आणि अलंकार किती, याचा निवाडा विद्वानांनी करावा. आम्हांला तिच्यातले एवढेच मोलाचे वाटते की, आमच्या गावच्या घराण्याच्या मुळाशी एक श्रोता बसलेला आहे. त्याने ते कानांत साठविले, म्हणून ते राहिले.

ही कथा आज आठवण्याचे कारण एक जुनी कॅसेट. डिसेंबर २०२४ मध्ये तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष साजरे झाले. हजिऱ्यावर, तानसेनाच्या समाधीपाशी, आम्हीही एका रात्री जाऊन बसलो होतो. गवयाने आलाप सुरू करताच आमच्या पुढच्या रांगांतून मोबाइलचे इवले इवले उजेड वर आले. बाजूचे एक गृहस्थ पुटपुटले, ‘‘हे ऐकायला आलेत की छायाचित्रे काढायला?’’ आम्हीही मान डोलविली. घरी परतताना मात्र मनात आले की, आपल्या ती. दादांनी चाळीस वर्षांपूर्वी दुसरे काय केले होते? आणि त्याच रात्री आम्ही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

दादा सरकारी कचेरीत कारकून होते. गाणे त्यांना येत नव्हते. ऐकणे मात्र येत होते. १९८४ साली लष्करातल्या एका वाड्यात एका वयोवृद्ध बुवांच्या गायनसेवेला पन्नास वर्षे झाली म्हणून शिष्यांनी आणि स्नेह्यांनी घरगुती बैठक केली. बुवांचे नाव येथे देत नाही. त्यांच्या कुटुंबीयांची तशी इच्छा आहे आणि नाव दिले तरी ते फारसे कोणाला ठाऊक असणार नाही. आयुष्यभर त्यांनी शिकवण्या केल्या, सणावारी देवळांत गायिले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा माणूस त्यांच्या दारी कधी आला नाही. त्या बैठकीला दादा आपला टू-इन-वन घेऊन गेले होते. चौदा वर्षांचे आम्ही त्यांच्या मागे सतरंजीच्या कडेला बसलो होतो. वीज जाईल या भीतीने दादांनी यंत्र सेलवर चालविले आणि गर्दीत जागा नसल्याने ते मांडीवरच धरले.

अशा ध्वनिमुद्रणाची किंमत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले. तिलवाड्यातला विलंबित ख्याल तेवढ्या वेळात नीट उभाही राहत नाही. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांचा आवाज त्यांच्या अखेरच्या काळात तबकड्यांवर आला, हे आपले भाग्य. पण भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि त्यांचा एकही सूर मागे उरला नाही. पं. कृष्णराव शंकर पंडितांना १८९३ ते १९८९ असे दीर्घ आयुष्य लाभले आणि आकाशवाणीच्या संग्रहात त्यांचे गाणे राहिले. परंतु घराणे म्हणजे केवळ शिखरे नव्हेत. शिखरांखाली जी शेकडो माणसे शिकली, शिकविती झाली, त्यांचे गाणे कोणी राखले? जेथे राहिले, तेथे ते बहुधा दादांसारख्या श्रोत्यांनीच राखले.

कॅसेट साठ मिनिटांची निघाली. एका बाजूस तीस. पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही लहान कान दादांनी मोडून टाकले होते. ते मोडले की तीवर चुकूनही दुसरे काही मुद्रित होत नाही. त्या काळी कॅसेट महाग. चार वेळा पुसून वापरण्याची घराघरांत रीत. दादांनी ही एक पुसायची नाही, असे ठरविले होते.

आमचा एक जुना विद्यार्थी आज इंदुरास ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करतो. कॅसेट त्याच्या स्वाधीन केली. त्याने ती लगेच यंत्रात घातली नाही. आतली दाबाची गादी सुटली होती, ती आधी बदलली. फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल केली. वाचणाऱ्या शीर्षाचा कोन मूळ मुद्रणाशी जुळेपर्यंत स्क्रूने हलविला. हा कोन चुकला तर वरचे बारीक ध्वनी मंदावतात आणि मागाहून कितीही प्रयत्न केला तरी ते परत येत नाहीत. मग एक विलक्षण गोष्ट त्याच्या ध्यानी आली. बुवा काळी एकमध्ये गात होते. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटी त्यांचा षड्ज पांढरी दोनला टेकला होता! बुवांचा सूर चढला नव्हता. सेल उतरत गेले, फीत हळू फिरली, आणि हळू भरलेली फीत नेहमीच्या वेगाने वाजविली की स्वर चढून ऐकू येतो. हा दोष काढायचा कशाच्या आधारे? तंबोऱ्याच्या. गवई वर-खाली जाईल, तंबोऱ्याचा षड्ज बैठकभर एकच. तो जिथे जिथे सरकला, तिथे तिथे वेग तितकाच मागे ओढून त्याने सबंध बैठक पुन्हा काळी एकवर आणून बसविली.

पुढे त्याने ती आणखी स्वच्छ केली आणि आम्हांला ऐकावयास पाठविली. ‘‘सर, आता ऐका. खरखर औषधालाही उरली नाही,’’ असे तो दूरध्वनीवर अभिमानाने म्हणाला.

ऐकले. आवाज खरोखरच निर्मळ होता. अस्ताईचे जे शब्द आम्हांला कधी कळले नव्हते, ते अक्षर न् अक्षर उमगले. तरीही काही केल्या आम्हांला ती बैठक सापडेना. बुवा जणू एखाद्या रिकाम्या खोलीत एकटेच गात होते. दुसऱ्यांदा ऐकल्यावर उलगडा झाला. तंबोराच नाहीसा झाला होता! खरखर काढणारे तंत्र जो ध्वनी सतत, एकसारखा चालू असतो त्याला कचरा समजते. पंखा सतत, फितीची सळसळ सतत. आणि तंबोराही सतत. ज्याच्या आधाराने बैठक सुरात आली, तोच झाडलोटीत बाहेर गेला.

आणखीही एक गोष्ट गेली होती. मूळ फितीत समेवर समेवर एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो आणि अधूनमधून अगदी कानाशी कोणीतरी हलकेच ‘‘अहाहा’’ म्हणते. विद्यार्थ्याने टकटक हा फितीचा दोष मानला आणि तो उद्गार अडथळा मानला. त्याचा काय अपराध? त्याला कसे कळावे की यंत्र मांडीवर होते, ती दादांच्या बोटाची सम होती आणि तो उद्गार त्यांचाच होता! दादा १९९६ साली गेले. त्यांचे फोटो आहेत, हस्ताक्षर आहे; आवाज म्हणून जगात एवढाच उरला आहे.

आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘‘सर, मी नुसते गाणे वाचवीत होतो.’’

या वाक्याने आम्हांला विचारात पाडले, कारण त्यात खोटे काही नव्हते. बुवांची नात गाणे शिकते. स्वच्छ केलेली प्रत तिला दिली, तेव्हा आजोबांची ती बंदिश तिला प्रथमच शब्दांसकट मिळाली. तिच्या दृष्टीने आमच्या दादांची टकटक खरोखरच अडथळा होती. तिचे चूक आणि आमचे बरोबर, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? अखेर तीन प्रती करण्याचे ठरले. पहिली, फितीवर जसे आहे तसे, चढलेल्या स्वरासकट; दुसरी, केवळ वेग सुधारलेली, तंबोरा आणि श्रोते शाबूत; तिसरी, अभ्यासासाठी स्वच्छ केलेली. तिसरी पुन्हा केव्हाही करता येईल, उद्या याहून चांगली करता येईल. पण पहिली असेल तरच. आम्ही स्वतः ऐकतो ती दुसरी. पहिली बाजू संपते तेथे कॅसेट उलटण्यात दोन-तीन आवर्तने कायमची हरवली आहेत. त्या खाचेवर येऊन आम्ही दर वेळी थबकतो आणि अंधारात घाईघाईने कॅसेट फिरविणारे दादांचे हात आम्हांला दिसतात.

वाचकहो, आपल्या समाजातल्या किती घरांच्या माळ्यांवर अशा पेट्या असतील! बारशाच्या, कीर्तनाच्या, गणेशोत्सवातल्या गाण्याच्या. आमच्या गावच्या उन्हाळ्याने आणि पावसाळ्याच्या दमटपणाने त्या फितींचे आयुष्य रोज थोडे कमी होत आहे. तेव्हा विनंती एवढीच. कॅसेट सापडली की उत्साहाच्या भरात जुन्या यंत्रात घालू नये. फीत गुंतून तुटते. जाणत्याकडून प्रत करून घ्यावी, पहिली प्रत दाबून लहान न करता पूर्ण आकारात ठेवावी आणि दोन वेगवेगळ्या घरी राखावी. कोणाचे गाणे, कोणते साल, कोण कोण बसले होते, हे सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवावे. आणि प्रत चारचौघांत वाटण्याआधी गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारावे. १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यानेही कलावंताचा आपल्या गाण्यावर हक्क मानला आहे, आणि कायदा नसता तरी ती आपली रीत असावयास हवी.

यंदा हजिऱ्यावर पुढच्या रांगेत कोणी मोबाइल वर धरला, तर आम्ही मान डोलविणार नाही. फार तर त्याच्या कानाशी लागून म्हणू, ‘‘बाळा, हात जरा खाली घे, मागच्यांना दिसू दे, पण धरलेले पुसू नकोस.’’