भट्टीपासून गल्ल्यापर्यंत : बेकरीच्या गाळ्याची रचना

बेकरीच्या दुकानाच्या अंतर्गत रचनेची चर्चा सहसा रंग, दिवे आणि लॅमिनेटचे नमुने यांच्या अंगाने होते. प्रत्यक्षात मात्र ही रचना आधी बाष्प आणि उष्णता यांचा बंदोबस्त असते आणि शोभेचा विचार त्यानंतर येतो, कारण सुमारे 35 ते 40 टक्के पाणी असलेला पाव आणि जेमतेम 5 टक्क्यांच्या आत पाणी असलेली बिस्किटे एकाच छताखाली, बहुधा एकाच काउंटरवर विकायची असतात. पाव कोरडा पडला की शिळा ठरतो आणि खारीने हवेतला ओलावा ओढून घेतला की तिचा कुरकुरीतपणा जातो, म्हणजे एका मालाला जी हवा मानवते तीच दुसऱ्याला बाधते. भोर तालुक्यातील पुणे-सातारा महामार्गावरच्या शिवरे गावासारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस दमट राहते, तिथे नव्या बेकरीचा आराखडा या विरोधापासूनच सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रात बेकरीच्या दुकानाला पहिले ठसठशीत रूप दिले ते इराण्यांनी. मुंबईत धोबीतलावची 1904 सालची कयानी आणि कंपनी किंवा ग्रँट रोड स्थानकासमोरची 1914 सालची बी. मेरवान या दुकानांत संगमरवरी पृष्ठाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे आणि गल्ल्याशेजारी काचेच्या बरण्या ही मांडणी रूढ झाली, आणि तिच्यातील प्रत्येक घटकाला शोभेपलीकडचे कारण होते. संगमरवर चहाच्या उष्णतेने बिघडत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. आरशांमुळे अरुंद जागा मोठी भासते आणि गल्ल्यावर बसलेल्याची नजर कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत पोहोचते. घट्ट झाकणाची बरणी तर मुंबईच्या दमट हवेत बिस्किट कोरडे ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन होय. आज जुन्या काळाची हौस म्हणून अनेक नवी दुकाने याच बरण्या उघड्या तोंडाने फळीवर मांडतात, तेव्हा त्यांचा मूळ उपयोगच नाहीसा होतो.

पुण्यात लष्कर भागातील ईस्ट स्ट्रीटवर 1955 साली सुरू झालेली कयानी बेकरी याच परंपरेतील असली, तरी तिचा घाट वेगळा आहे. तिथे भर बसण्यावर नसून काउंटरवर आहे. काउंटरच्या एका बाजूला गर्दी, दुसऱ्या बाजूला नोकरवर्ग आणि मागच्या भट्टीतून येणारा माल एवढ्यावरच सारा व्यवहार चालतो. श्रूसबरी बिस्किटे आणि मावा केक यांची मागणी इतकी असते की माल दुकानात फार वेळ पडून राहत नाही, आणि ज्या दुकानात माल टिकवून ठेवावाच लागत नाही त्याला शीतकपाटांची व दिव्यांची फारशी गरज उरत नाही. दुपारी दुकान बंद ठेवण्याचा तिथला रिवाज पुणेकरांच्या थट्टेचा विषय असला, तरी अशा साध्या मांडणीला तो साजेसाच आहे. नव्या बेकरीने मात्र कयानीचे रूप उचलून चालत नाही, कारण रूप उचलता येते, रांग उचलता येत नाही.

आधुनिक बेकरीच्या आराखड्याचे मोजमाप ट्रेपासून सुरू होते. 400 गुणिले 600 मिलिमीटर हा जगभर सर्रास वापरला जाणारा ट्रे ठरला की त्यावरून ट्रॉलीची, म्हणजे ट्रे एकावर एक सरकवण्याच्या चाकांच्या घोडीची, रुंदी ठरते, आणि ट्रॉलीवरून दारे, वाटा व ओव्हनसमोरची मोकळी जागा ठरते. इथे गवंडीकामातली एक जुनी सवय आड येते: भटारखाना आणि दुकान यांच्यामध्ये अर्ध्या-एक इंचाचा उंबरठा घातला जातो, त्यावर ट्रॉलीची चाके अडखळतात आणि वरच्या ट्रेमधले क्रीम रोल एका बाजूला सरकतात. उलटपक्षी, फरशी धुण्यासाठी मोरीकडे उतार हवा असतो आणि त्या उतारावर भरलेली ट्रॉली आपोआप चालू लागते. म्हणून उतार धुण्याच्या भागापुरता ठेवून ट्रॉलीची वाट सपाट राखणे आणि चाकांना ब्रेक असलेलीच ट्रॉली घेणे हा मार्ग पत्करावा लागतो. मालाचा प्रवासही एकाच दिशेने व्हावा लागतो. मैदा व अंडी मागील दाराने येतात, मग मळणी, आकार, फुगवण, भाजणी, थंड करणे आणि शेवटी काउंटर असा क्रम लागतो, ज्यामुळे कच्च्या अंड्याचे भांडे तयार केकच्या वाटेत येत नाही. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 याखालील परवान्याच्या नियमांतही स्वच्छतेच्या अटींत हीच अपेक्षा आहे.

या क्रमात फुगवण्याची पेटी, अर्थात प्रूफर, विशेष जपून बसवावी लागते. आंबलेली कणीक फुगण्यासाठी या पेटीत साधारण 35 ते 38 अंश सेल्सिअस तापमान आणि 80 ते 85 टक्के आर्द्रता राखतात, त्यामुळे तिचे दार उघडताच वाफेचा लोट बाहेर येतो, आणि ती खारी-टोस्ट भरण्याच्या टेबलाशेजारी असली तर पाकिटे बंद होण्याआधीच माल नरम पडतो.

काउंटरवरही वस्तुतः तीन निरनिराळी हवामाने राखायची असतात. खारी, बटर, टोस्ट आणि नानकटाई यांना बंद, कोरडे कपाट लागते. क्रीमच्या पेस्ट्रीला सुमारे 2 ते 8 अंशांचे शीतकपाट लागते. आणि पावाला यांपैकी काहीच नको असते, त्याला खोलीचे तापमान आणि वाऱ्यापासून आडोसा पुरतो. शीतकपाटात जागा रिकामी दिसते म्हणून पाव तिथे ठेवण्याची चूक सर्रास होते, पण शिजलेल्या पिष्टाचे पुन्हा स्फटिकीभवन होऊन पाव कडक होण्याची क्रिया शीतकपाटाच्या तापमानालाच सर्वांत वेगाने घडते. शीतकपाटाच्या काचेचा प्रश्न निराळा आहे. हवा 25 अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता 90 टक्क्यांवर असली की 23 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि आषाढ-श्रावणात शिवऱ्याच्या परिसरात अशी हवा नवलाची नाही. एकेरी काचेचे कपाट अशा दिवसांत धुरकटते, आतला केक दिसेनासा होतो आणि नोकर दिवसभर काच पुसत राहतो. दुहेरी काच आणि तिच्या चौकटीत बारीक तापणारी तार हे यावरचे उपाय; दोन्ही खर्चिक आहेत.

काउंटरच्या विभागणीला आणखी एक कारण आहे, आणि ते हवेचे नसून माणसांचे आहे. अन्नपदार्थांच्या वेष्टन-नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो व पाकिटावर तपकिरी त्रिकोणाची खूण येते. शिवाय एकादशीला किंवा श्रावणात बिनअंड्याचा केक मागणारे गिऱ्हाईक केवळ खुणेवर समाधान मानत नाही, त्याला चिमटा, सुरी आणि कपाटही वेगळे दिसावे लागते. त्यामुळे बिनअंड्याच्या मालाचे स्वतंत्र कपाट गल्ल्याच्या अलीकडे, डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरते.

सामानाच्या निवडीत फार घोळ घालण्याचे कारण नाही. भटारखान्यात स्टेनलेस स्टीलची टेबले, दुकानात ग्रॅनाइटचे पृष्ठ, ओलावा सोसणारा प्लायवूड आणि कडांना घट्ट पट्टी एवढे पाळले तरी काम भागते. कडा उघड्या राहिल्या की मैद्याची पूड आणि झुरळे दोन्ही आत शिरतात. दिवे पिवळसर उबदार छटेचे, सुमारे 3000 केल्व्हिनचे घ्यावेत, कारण निळसर पांढऱ्या प्रकाशात भाजलेल्या पावाचा तांबूस रंग मरून जातो.

शिवऱ्यासारख्या गावी गिऱ्हाईक दोन प्रकारचे संभवते: सकाळी लादी पाव नेणारा गावकरी किंवा वडापावचा गाडीवाला, आणि सातारा किंवा महाबळेश्वरकडे जाताना थांबणारा मोटारीतला प्रवासी. पहिल्याला दोन मिनिटांत पाव हवा असतो, दुसऱ्याला बघायला वेळ असतो आणि सोबत मुलेही असतात. पाव विकणारी खिडकी दाराशीच ठेवून पेस्ट्रीचे कपाट आत ढकलले तर दोघांची गर्दी एकमेकांत मिसळत नाही. महामार्गाची धूळ थोपवण्यासाठी शटरच्या आत काचेचे दार आवश्यक ठरते, आणि पाटीच्या बाबतीत 2022 च्या दुरुस्तीनंतर कामगारांची संख्या कितीही असो, प्रत्येक दुकानावर मराठी देवनागरी अक्षरे असणे व ती इतर भाषांच्या अक्षरांहून लहान नसणे बंधनकारक झाले आहे. चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून वाचता यावी इतकी ती मोठी असणे हे मात्र कायद्याने नव्हे, धंद्याने लादलेले बंधन.

भट्टीचे इंधन बदलू लागल्यामुळे आराखड्याचा एक जुना आधारही ढळतो आहे. विटांची लाकूडभट्टी जाड भिंती, धुराडे आणि लाकडाची रास यांसह मागील बाजूलाच बांधावी लागे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याची मुदत सहा महिन्यांवर आणली, आणि आदेश मुंबईपुरता असला तरी इतरत्र नवी बेकरी काढणारा मालकही आता गॅस किंवा विजेच्या ओव्हनचाच विचार करतो. असा ओव्हन काचेच्या भिंतीमागे, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर बसवता येतो. त्यासाठी पुरेशा भाराची थ्री-फेज जोडणी आधी मंजूर करून घ्यावी लागते, शिवाय ओव्हनचे सुटे भाग शटरमधून आत येतील का आणि छताखाली चिमणीला जागा उरेल का, हे गाळा भाड्याने घेण्यापूर्वीच पाहावे लागते. म्हणून अनुभवी कंत्राटदार आधी ओव्हनचे माप मागतो आणि मगच फर्निचरच्या नकाशाला हात घालतो.