द्विध्रुवी मनोविकाराचे टप्पे

उन्माद आणि नैराश्य ही दोन टोके असलेला हा विकार काळाच्या ओघात कसा वाढतो, हे रुग्णाच्या कुटुंबियांनी जाणून घेणे आवश्यक आहे. कर्करोगाप्रमाणे याही विकाराचे टप्पे ठरवता येतील, असा विचार ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ मायकेल बर्क व सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला.

शून्य टप्प्यात लक्षणे नसतात. मात्र आनुवंशिकतेमुळे धोका असतो. पहिल्या टप्प्यात झोप बिघडणे, चिडचिड, मनःस्थितीचे सौम्य चढउतार दिसतात. दुसऱ्या टप्प्यात विकाराचा पहिला ठळक झटका येतो. तिसऱ्यात झटके पुन्हा येतात, किंवा मधल्या काळातही काही लक्षणे मागे राहतात. चौथ्या टप्प्यात विकार उपचारांना सहजी दाद देत नाही; स्मरणशक्ती, नोकरी व नातेसंबंध यांवरही परिणाम झालेला असतो.

प्रत्येक रुग्ण शेवटच्या टप्प्यापर्यंत जातोच असे नाही. झटके जितके कमी, तितकी पूर्ववत जीवन जगण्याची शक्यता अधिक. म्हणूनच पहिल्या झटक्यानंतरचा काळ मोलाचा ठरतो. जॉन केड यांनी १९४९ साली उपयुक्त ठरवलेले लिथियम आजही प्रभावी आहे. मात्र त्यासाठी रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉईड यांची नियमित तपासणी लागते. बरे वाटू लागताच औषध परस्पर बंद करणे हे विकार उलटण्याचे एक प्रमुख कारण आहे.

झोप अचानक कमी होऊनही उत्साह वाढलेला दिसल्यास कुटुंबियांनी त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. गरजू रुग्णाची औषधे व तपासण्या खंडित न होणे, यातच दात्यांच्या साहाय्याचे खरे सार्थक आहे.