इंग्रजी क्रियापद आणि दिशावाचक अव्यय

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत जॉन्सनने परभाषिकांच्या एका अडचणीचा मुद्दाम उल्लेख केला आहे. क्रियापदानंतर एखादे लहानसे अव्यय आले की मूळ अर्थ पालटतो, आणि हा प्रकार इंग्रजीत बहुधा इतर कोणत्याही भाषेपेक्षा अधिक आढळतो, असे त्याचे निरीक्षण होते. ‘सेट आउट’, ‘टेक ऑफ’, ‘फॉल ऑन’ ही त्याचीच उदाहरणे. अशा जोडणीला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात रूढ झाले ते लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ मधील ग्रंथामुळे.

हा विषय इंग्रजीच्या वर्गापुरता मर्यादित मानला जातो. परंतु एका भारतीय भाषेतील कादंबरी दुसऱ्या भारतीय भाषेत जाताना पुष्कळदा इंग्रजी भाषांतराचा आधार घेतला जातो. तेव्हा इंग्रजी क्रियापद आपल्या अव्ययातून काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हा प्रश्न भारतीय साहित्याच्या अभ्यासकाचाही होतो.

प्रथम रचना पाहू. ‘रन अप अ हिल’ आणि ‘रन अप अ बिल’ ही दोन पदे वरवर सारखी आहेत. पहिल्यात ‘अप’ हे टेकडीशी बांधलेले शब्दयोगी अव्यय आहे. दुसऱ्यात ते क्रियापदाशी बांधलेले असून ‘देणे वाढवत नेणे’ असा एकच अर्थ होतो. नामाऐवजी सर्वनाम ठेवले की भेद उघड होतो. टेकडीबद्दल ‘रन अप इट’ म्हणावे लागते, देण्याबद्दल ‘रन इट अप’. ‘लुक आफ्टर’मध्ये (सांभाळणे) अव्यय नामाकडे झुकते, ‘गिव्ह अप’मध्ये (सोडून देणे) क्रियापदाकडे, आणि ‘पुट अप विथ’मध्ये (सहन करणे) दोन्ही प्रकार एकत्र येतात.

ही रचना इंग्रजीत आरंभापासून प्रबळ नव्हती. प्राचीन इंग्रजीत अव्यय बहुधा उपसर्गरूपाने धातूला पुढून जोडले जाई. ‘विथस्टँड’, ‘अंडरस्टँड’, ‘फर्गिव्ह’ हे त्या पद्धतीचे अवशेष होत. पुढे पुष्कळ उपसर्ग क्षीण झाले आणि धातूनंतर येणारे सुटे अव्यय बलवान झाले. बाराव्या शतकातील पीटरबरोच्या बखरीत ‘गिव्ह अप’चे पूर्वरूप आढळते. उपसर्गयुक्त शब्द नंतर लॅटिनमधून पुन्हा मोठ्या संख्येने आले. ‘पोस्टपोन’चा मूळ अर्थ ‘नंतर ठेवणे’ असाच आहे. त्यामुळे ‘पुट ऑफ’ घरातले आणि ‘पोस्टपोन’ कचेरीतले, अशी विभागणी झाली. मराठीतही ‘सोडून देणे’ आणि ‘परित्याग करणे’ यांत असेच अंतर आहे.

संस्कृतचा इतिहास मात्र उलट दिशेने गेलेला दिसतो. उपसर्ग धातूच्या पूर्वी योजावेत असा नियम पाणिनीने सांगितला (१.४.८०); तथापि वेदभाषेत ते धातूनंतरही येतात आणि दोहोंमध्ये अन्य शब्दही येऊ शकतो, हे पुढच्या दोन सूत्रांत नोंदवले. म्हणजे संस्कृतात सुटा उपसर्ग कालांतराने धातूला चिकटला. इंग्रजीत चिकटलेल्याची जागा सुट्याने घेतली.

या अव्ययाला स्वतःचा अर्थ असतो काय? यास्काच्या निरुक्तात उपसर्गांविषयी हाच वाद आला आहे. धातूपासून तोडलेले उपसर्ग स्वतंत्रपणे अर्थ सांगत नाहीत, असे शाकटायनाचे मत. त्यांना स्वतःचे विविध अर्थ असतात, असे गार्ग्याचे. इंग्रजीतील पुरावा बऱ्याच अंशी गार्ग्याच्या बाजूचा आहे. ‘फिल अप’मध्ये पाण्याची पातळी वर चढते आणि ती काठाशी पोचली की क्रिया संपते. येथे ‘वर’ आणि ‘पूर्ण’ हे अर्थ एकत्र नांदतात. ‘ईट अप’, ‘यूज अप’मध्ये ‘वर’ गळून केवळ पूर्णता उरली. घर ‘बर्न अप’ होते आणि ‘बर्न डाउन’ही होते, पण कागद ‘बर्न अप’ होतो, ‘डाउन’ नव्हे, कारण जमीनदोस्त होण्याजोगे त्यात काही नसते. ‘आउट’ म्हणजे बाहेर. आतले बाहेर आले की ते कळते, म्हणून ‘फाइंड आउट’. दृष्टीच्या कक्षेबाहेर गेले की ते नाहीसे होते, म्हणून दिवा ‘गोज आउट’.

मराठीत हे काम बऱ्याच अंशी संयुक्त क्रियापद करते. ‘फाइंड आउट’ला ‘शोधून काढणे’ हा पर्याय तर ‘बाहेर’च्या अर्थासह जुळतो. परंतु साम्य येथवरच. इंग्रजी अव्यय क्रियेची दिशा व शेवट सांगते; मराठीचे दुसरे क्रियापद शेवटाबरोबर कर्त्याचा क्रियेशी असलेला संबंधही सांगते. ‘लिहून घेणे’ स्वतःसाठी किंवा दुसऱ्याकडून, ‘लिहून देणे’ दुसऱ्यासाठी, ‘लिहून ठेवणे’ पुढच्या काळासाठी, ‘लिहून टाकणे’ एकदाचे मोकळे होण्यासाठी. ‘राइट डाउन’ एवढेच सांगते की शब्द कागदावर उतरले.

‘सावकाराने जमीन लिहून घेतली’ आणि ‘शेतकऱ्याने जमीन लिहून दिली’ ही एकाच व्यवहाराची दोन वाक्ये आहेत. इंग्रजीत ‘साइन अवे’ म्हटल्याने जमीन हातची गेल्याचे कळते. घेणाऱ्याच्या बाजूने तोच व्यवहार सांगणारे तितके सहज अव्यय सापडत नाही. हिंदीत मात्र ‘लिख देना’ व ‘लिख लेना’, बंगालीत ‘लिखे देओया’ व ‘लिखे नेओया’ ही जोडी तयार आहे. ‘टाकणे’लाही हिंदीत ‘डालना’, बंगालीत ‘फेला’ हे सहोदर आहेत. मूळ बंगालीत असलेला आणि मराठीला सहज पेलणारा भेद मधल्या इंग्रजीत पुसला जातो, आणि मराठी भाषांतरकार तो अंदाजाने पुन्हा भरतो.

तोटा एकाच बाजूचा नाही. लेनर्ड टाल्मी याने १९८५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार इंग्रजी गतीची रीत क्रियापदात व मार्ग अव्ययात ठेवते. ‘शी रॅन इन’ मराठीत आणताना धावणे गौण होते आणि मुख्य क्रियापद निवडावे लागते: ‘धावत आत आली’ की ‘धावत आत गेली’? पहिल्या वाक्यात निवेदक घरात असतो, दुसऱ्यात बाहेर. इंग्रजी वाक्यात निवेदकाची जागा सांगितलेलीच नसते. ती मागच्यापुढच्या मजकुरावरून शोधावी लागते.

म्हणून इंग्रजीच्या द्वारे झालेल्या भाषांतराची परीक्षा करताना नामे आणि विशेषणे तपासणे पुरेसे नाही. ‘देणे’, ‘घेणे’, ‘टाकणे’, ‘ठेवणे’, ‘येणे’, ‘जाणे’ ही क्रियापदे मूळ संहितेशी ताडून पाहिली पाहिजेत. कोणी कोणासाठी काय केले आणि ते कोठून पाहिले गेले, याची साक्ष त्यांच्यापाशीच असते.