संमती, शंका आणि लस : एचपीव्ही लसीकरणाचा खम्मममधील अनुभव आणि शिक्षकांची जबाबदारी

विषयप्रवेश

प्रस्तुत लेखाचा विषय वैद्यकीय आहे. लिहिणारा मात्र भाषेचा अध्यापक आहे. औषधाची निवड डॉक्टरांनी करावी, हे उघड आहे. परंतु आपल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्यात, जिथे एकाच वर्गात उर्दू, मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले बसतात, तिथे सरकारी कागद घरापर्यंत पोहोचतो तो बहुधा शिक्षकाच्या हातून. त्या कागदाचा अर्थ पालक शिक्षकालाच विचारतात. एचपीव्ही लसीबाबत तर शिक्षकाची ही भूमिका फार महत्त्वाची ठरते. कारण या लसीच्या भारतातील इतिहासातले सर्वांत वादग्रस्त प्रकरण आपल्याच राज्यातील खम्मम जिल्ह्यात घडले आहे.

रोग आणि लस

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि त्यातून गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग उद्भवतो. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात. हा संबंध दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाह्य आवरणासारखे दिसणारे, आतून रिकामे असे प्रथिनांचे कण असतात. त्यांच्यापासून संसर्ग होऊ शकत नाही. शरीर फक्त शत्रूचा चेहरा ओळखायला शिकते. ही ओळख संसर्गापूर्वी व्हावी लागते, म्हणून लस ९ ते १४ या वयात दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. पुढील वयातील तरुणींनाही ती देता येते, पण आधीच झालेला संसर्ग ती बरा करीत नाही.

खम्ममचे प्रकरण

जुलै २००९ मध्ये पाथ ही आंतरराष्ट्रीय संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तत्कालीन आंध्र प्रदेश सरकार यांनी खम्मम जिल्ह्यातील भद्राचलम, कोत्तागुडेम आणि तिरुमलायपालेम या तीन मंडलांत प्रकल्प सुरू केला. १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना गार्डासिल ही लस देण्यात आली. गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात सुमारे १० हजार मुलींना सर्व्हारिक्स ही दुसरी लस देण्यात आली. खम्मममधील अनेक मुली आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या.

दोन्ही ठिकाणचे मिळून ७ मुलींचे मृत्यू समोर आले. 'समा' या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मार्च २०१० मध्ये खम्मममध्ये जाऊन पाहणी केली, वृत्तपत्रांतून गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबविला. चौकशी समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक पोटात जाणे, मलेरिया अशी कारणे बहुतेक मृत्यूंमागे आढळली. दोन मुलींच्या मृत्यूचे कारण तितके स्पष्ट नव्हते. तथापि तेही लसीमुळे झाल्याची शक्यता कमी आहे, असे समितीचे मत पडले.

मग चूक कोणती झाली? चूक झाली ती संमतीच्या बाबतीत. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या ७२ व्या अहवालात याचा तपशील दिला आहे. आंध्र प्रदेशातील संमतिपत्रांपैकी ९,५४३ वर सह्या होत्या, १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. लसीनंतर होणाऱ्या त्रासाची नोंद घेणारी पुरेशी व्यवस्था नव्हती, यावरही समितीने कठोर टीका केली.

या २,७६३ सह्यांपाशी आपण शिक्षकांनी थांबले पाहिजे. त्या कोणा परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याने केल्या नव्हत्या. त्या आपल्यासारख्याच, मुलींचे हित पाहणाऱ्या माणसांनी केल्या होत्या. उर्दूत 'इजाज़त' आणि 'रज़ामंदी' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीतही 'परवानगी' आणि 'संमती' वेगळे आहेत. परवानगी वरचा माणूस खालच्याला देतो. संमती ज्याच्या देहाचा किंवा लेकराचा प्रश्न आहे त्याने समजून-उमजून द्यायची असते. खम्मममध्ये परवानगीलाच संमती मानले गेले. परिणाम असा झाला की, लस घातक ठरली नसतानाही लोकांच्या मनातील शंका वर्षानुवर्षे टिकली.

थांबलेल्या अभ्यासातून मिळालेले उत्तर

याच सुमारास देशातील आणखी एक अभ्यास चालू होता. बार्शी, पुणे, हैदराबाद इत्यादी केंद्रांवर १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींना दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे तपासले जात होते. एप्रिल २०१० च्या आदेशाने तेथील लसीकरणही मध्येच थांबले. तोवर सुमारे १७,७०० मुलींना लस मिळाली होती. त्यांपैकी सुमारे ५ हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी या सर्वांचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेले निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकार १६ व १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते, म्हणजे दोन किंवा तीन मात्रांइतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक मात्राही पुरेशी मानली, त्यामागे या पुराव्याचा मोठा वाटा आहे. २१ वर्षांपासून पुढे दोन मात्रा सुचविल्या आहेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किमान दोन, शक्य तर तीन मात्रा द्याव्यात, असे संघटना सांगते.

दुष्परिणाम : काय खरे, काय नाही

सुई टोचलेल्या जागी दुखणे, सूज, लाली हे त्रास पुष्कळांना होतात. डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, थोडा ताप हेही होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. किशोरवयीन मुलींना सुईच्या भीतीने चक्कर येऊ शकते. म्हणून लसीनंतर निदान १५ मिनिटे बसवून ठेवावे. तीव्र ॲलर्जी हा खरा गंभीर धोका आहे. तो दर दहा लाख मात्रांमागे सुमारे १.७ इतका दुर्मीळ आहे, पण त्यासाठी उपचाराची तयारी जवळ हवीच. लसीतील घटकाची तीव्र ॲलर्जी असेल तर लस घेऊ नये. गरोदरपणात ती पुढे ढकलावी.

मूल न होण्याची भीती सर्वांत जास्त पसरलेली आहे. कोट्यवधी मात्रांच्या देखरेखीत तसा पुरावा आढळलेला नाही. मलेशियात २०१० पासून शाळांमधून आणि बांगलादेशात २०२३ पासून ही लस दिली जात आहे, हे आपल्या पालकांना सांगण्याजोगे आहे.

भीतीचीही किंमत मोजावी लागते. जपानमध्ये काही मुलींच्या तक्रारींनंतर जून २०१३ मध्ये सरकारने लसीची शिफारस मागे घेतली आणि लसीकरणाचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून १ टक्क्याखाली आले. नागोया शहरात सुमारे ३० हजार तरुणींची पाहणी झाली. त्या तक्रारींचा लसीशी संबंध दिसला नाही. शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. याउलट इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस उपलब्ध झालेल्या पिढीत हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला.

लस घेतली तरी तपासणी हवी

लस सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही. आपल्या माता-भगिनींचे वय तर निघून गेले आहे. त्यांच्यासाठी तपासणी हाच मार्ग होय. एकेकाळी आदिलाबादप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिक्षकांनी काय करावे

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. हा प्रश्न आपल्या दारात आला, तेव्हा पुढील पथ्ये पाळावीत.

१. पालकांच्या जागी स्वतः सही करू नये. वसतिगृहातील मुलीचे पालक दूर असतील तर निरोप पाठवावा. वेळ लागला तरी चालेल.

२. संमतिपत्र घरातील भाषेत वाचून दाखवावे. अंगठा उठविणाऱ्याला तर अवश्य. काय समजले ते त्याच्याच शब्दांत विचारावे.

३. 'काहीही होत नाही' असे सांगू नये. काय होऊ शकते आणि त्रास झाल्यास कोठे जायचे, हे सांगावे.

४. मुलीने रिकाम्या पोटी लस घेऊ नये, याची काळजी घ्यावी.

५. नकार देणाऱ्या पालकाला अडाणी म्हणू नये. त्याच्या शंकेला उत्तर द्यावे आणि दार उघडे ठेवावे.

समारोप

पुरावा पाहता ही लस आपल्या मुलींच्या हिताची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणूनच ती देताना घाई करता कामा नये. खम्मममध्ये घाईने घेतलेल्या सह्यांनी एका चांगल्या औषधावर अविश्वासाची सावली पाडली. ती दूर करण्याचे काम डॉक्टरांइतकेच आपले आहे, कारण पालकांशी त्यांच्या भाषेत बोलणारे आपणच आहोत.